माझ्या तळावरचा निळा डाग

ज्या पोराचा शाळेचा सदरा मी वर्षानुवर्षं कडक केला, तो पोरगा आता मला पायाने सरकवतो. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला उंबऱ्यापाशी टेकवून ठेवलंय, तेही एक वेळ मी सोसलं असतं. पण हाताने उचलायचं तर वाकावं लागतं ना! राजे वाकत नाहीत. कानाला फोन लावायचा आणि पायाने मला ढकलायचं, जणू मी गल्लीतला धोंडा. मित्रांनो, तुम्हीच सांगा, हे वागणं झालं?

धोंडा नव्हे मी. मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. अंग ओतीव लोखंडाचं, मूठ लाकडाची आणि झाकणाच्या कडीवर पितळेचा एवढासा कोंबडा. ज्या कारागिराने मला साच्यातून काढलं, त्याने माझा तळ घासून घासून असा गुळगुळीत केला की त्यात त्याला स्वतःच्या मिशा दिसल्या. आपलं कौतुक आपण करू नये म्हणतात. पण दुसरं कोणी करतच नसेल, तर काय करायचं?

मला विकत घेतलं या घरच्या आजीने. तेव्हा ती आजी नव्हती. नवरा गेलेली, लेक कडेवर घेतलेली तरुण बाई होती. दुकानदार म्हणाला, "न्या आजच, पैसे सावकाश द्या." ती म्हणाली, "नको. साठले की येईन. तोवर हिला विकलंत तर बघा." मी फळीवर बसून तिची वाट पाहिली. ती आली, पैसे मोजून दिले आणि मला पदराखाली घालून घेऊन गेली. माझ्यावर कुणाचं देणं नव्हतं. त्या दिवसाचा ताठा अजून माझ्या अंगात आहे.

मोठ्या इमारतीच्या जिन्याखाली आमचं दुकान. दुकान कसलं, एक जुनं दार आडवं टाकून त्यावर घोंगडी अंथरलेली. शेजारच्या खोलीत आमचं घर. डोक्यावर दिवसभर लोकांच्या चपलांचा धडधडाट. पण काम चोख! आजीचा एकच नियम होता: खिसा आधी, इस्त्री नंतर. प्रत्येक कपड्याचा खिसा उलटा करून बघायचा. सुटी नाणी, किल्ल्या, नोटा, जे सापडेल ते डब्याच्या झाकणात ठेवायचं आणि कपड्यांबरोबर परत द्यायचं. एका मास्तरांची सगळ्या गल्लीला दहशत होती. त्यांच्या खिशातून दर वेळी चोखायची गोळी निघायची. आजी ती कागदात नीट बांधून द्यायची. मास्तर लाजायचे, पण गोळी मोजून घ्यायचे.

समोरच्या रस्त्यावर एक गाळा होता. वर-खाली होणारं शटर, पंखा, आणि मुख्य म्हणजे डोक्यावर कुणाच्या चपला नाहीत. आजीला तो गाळा हवा होता. त्याच्या अनामत रकमेसाठी ती कित्येक वर्षं पैसे बाजूला टाकत होती. रक्कम जमत आली, तेव्हा मालकही म्हणाला, "तुमच्याचसाठी ठेवतो, आजी." मग तिने माझ्यासाठी त्या गाळ्यातली जागासुद्धा ठरवून टाकली. खिडकीपाशी, उजव्या हाताला.

लेकीचा मुलगा लहानपणापासून आजीजवळच वाढला. तेच आमचे राजे. कॉलेजात गेले, संध्याकाळी औषधाच्या दुकानात कामाला लागले. कॉलेजच्या फाटकाशी मोठी छत्री लावून बसलेल्या कुणीतरी त्यांना एक निळं कार्ड दिलं. वर एक पिशवीही फुकट.

पहिल्याच महिन्यात पोराने आजीसाठी वाफेची विजेची इस्त्री आणली. काय सांगू मित्रांनो, आजीला आभाळ ठेंगणं झालं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती दाखवायची, "नातवाने घेतली. स्वतःच्या कमाईची." मला फडक्यात गुंडाळून फळीखाली ठेवलं. मी रुसले, पण पोराचं मन बघून आतून सुखावलेही. पुढे राजांचे नवे बूट आले, नवा फोन आला, मित्रांची जेवणं झाली. एवढ्याशा पगारात हे बसतं कसं, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. नातवाचं कौतुक डोळ्यांवर चढलं की भल्याभल्यांना दिसत नाही.

एका सकाळी वीज गेली. गिऱ्हाइकं खोळंबली. आजीने मला बाहेर काढलं, पोटात निखारे भरले. किती दिवसांनी! पहिलाच सदरा राजांचा होता. नियमाप्रमाणे आजीने खिसा उलटा केला, तर निळं कार्ड बाहेर पडलं.

"हे काय रे?"

"कार्ड आहे. खिशात पैसे नसले तरी यावर वस्तू मिळते."

"फुकट?"

"फुकट कशी मिळेल? नंतर बिल येतं."

"मग भरतोस?"

"भरतो ना! कमीत कमी एवढे भरा असं लिहिलेलं असतं, तेवढे न चुकता भरतो."

"आणि उरलेले?"

"ते पुढच्या महिन्यात जातात."

"जातात? पायांनी?"

आजीने विजेच्या इस्त्रीकडे बोट केलं. "ही?" त्याने मान खाली घातली.

लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. याने शेजाऱ्याच्या अंथरुणावर ताणून दिली होती! आणि आजीने त्याच अंथरुणाची शेखी गावभर मिरवली होती. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. तिने कार्ड घोंगडीवर ठेवलं, आणि मला त्यावर सगळ्या जोराने दाबलं. चर्र झालं. घाण वास सुटला.

"मेलं! आता यावर एक पैसा द्यायचा नाही."

पोराने सुटकेचा श्वास सोडला. तो शिकलेला होता. हे असं मरत नसतं, हे त्याला कळायला हवं होतं. पण सोयीचं असलं की माणूस काहीही खरं मानतो. माझं म्हणाल तर माझ्या पोटात निखारे होते, शहाणपण नव्हतं.

ते निळं प्लॅस्टिक माझ्या तळाला जे चिकटलं, ते सुटेचना. आजीने राखेने घासलं, नाण्याने खरवडलं. दुसऱ्या दिवशी एका पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर माझ्यामुळे निळा ओरखडा उठला. आजीने सदरा भरून दिला आणि मला उंबऱ्यापाशी नेऊन ठेवलं. ज्या तळात कारागिराला मिशा दिसल्या होत्या, त्यात आता काहीच दिसत नाही.

बँकेचे फोन यायचे. राजे ते उचलेनासे झाले. शेवटी वसुलीचा माणूस जिन्याखाली येऊन उभा राहिला. बोलायला मवाळ होता, पण गिऱ्हाइकांच्या देखत आला. पोराने चोरी केली की काय, असं लोक कुजबुजायला लागले.

आजी कडाडली, "माझा नातू चोर नाही! कार्ड केव्हाच जाळलंय मी! कसले पैसे?"

कपडे न्यायला आलेली, बँकेत नोकरीला असलेली एक बाई हळूच म्हणाली, "आजी, लग्नपत्रिका जाळली म्हणून लग्न मोडतं का?"

आजीचा हात तसाच थांबला.

मग त्या बाईने राजांनाही जवळ बोलावलं आणि समजावून सांगितलं. कार्डावर खर्च केलेला पैसा बँकेचा असतो. सगळं बिल तारखेच्या आत भरलं, तर व्याज लागत नाही. 'कमीत कमी' तेवढं भरलं, तर दंड टळतो, पण उरलेल्यावर व्याज चढतं, आणि पुढच्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून चढू लागतं. कार्डाने एटीएम यंत्रातून रोख काढली, तर त्याच दिवसापासून. भरणं थांबवलं, तर दंड होतो, आणि उद्या शिक्षणाला किंवा घराला कर्ज मागायला गेलं की बँका तोंड फिरवतात. झेपत नसेल तर लपायचं नाही, बँकेला सांगून हप्ते बांधून घ्यायचे. आणि कार्ड नकोच असेल, तर सगळं देणं फेडून, ते बंद केल्याचं बँकेकडून लिहून घ्यायचं.

"म्हणजे ही वस्तूच वाईट," आजी म्हणाली.

"नाही हो. मीही वापरते. जेवढे पैसे माझ्यापाशी खरोखर आहेत, तेवढ्याचंच घेते."

आजी घरात गेली आणि गाळ्यासाठी ठेवलेली रक्कम घेऊन आली. कार्डाचं देणं फिटलं. गाळा एका केस कापणाऱ्याने घेतला. रोज सकाळी त्याचं शटर वर जाताना मला उंबऱ्यातून दिसतं. खिडकीपाशी, उजव्या हाताला, त्याने आरसा लावला आहे.

मित्रांनो, तुमच्याही हाती एक दिवस असं कार्ड येईल. घ्या, वापरा. पण घरातल्या मोठ्यांना आधी दाखवा. आणि मोठ्यांनो, नुसते रागावू नका, आधी समजून घ्या. रागाच्या भरात मला वापरलं, आणि डाग मात्र माझ्या नशिबी आला.

आज सकाळचीच गोष्ट. राजे कॉलेजला निघाले. कानाला फोन होता. "नवं कार्ड? पहिलं वर्ष फुकट? हो, हो, पाठवून द्या ना," असं म्हणत त्यांनी पायाने मला ढकललं. मी उलटी पडले. निळा डाग वर आला.

आजी घोंगडीपाशी होती. तिने हातातला सदरा खाली ठेवला.

"बंद कर तो फोन. लोक कुजबुजत होते ना, तेव्हा मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, माझा नातू चोर नाही. नाहीसच तू चोर. चोराला तरी ठाऊक असतं, माल दुसऱ्याचा आहे. तुला तेवढंही कळलं नाही. कार्ड घ्यायचं तर घे, मी पुन्हा जाळणार नाही. पण उद्यापासून कॉलेजला जाण्याआधी गिऱ्हाइकांचे खिसे तू तपासायचे. दुसऱ्याचं नाणं हातात असून ते आपलं वाटेनासं झालं, की मग माझ्यापुढे कार्डाचं नाव काढ. आता वाक. दोन्ही हातांनी उचल तिला."