कानखोली

"पास," आबा म्हणाले आणि कानाला लावलेली पितळी सळई त्यांनी खाली ठेवली.

मास्तर तीन पावलांवर उभा होता. गाडी चालू होती आणि तिच्या डाव्या झाकणाच्या आत प्रायमरी चेन, डब्यात खिळे घालून हलवावेत तशी खडखडत होती. आबांनी काडी पांढऱ्या रंगात बुडवली, बोल्टवर ठिपका दिला, गाडी बंद केली आणि समाधानानं हात पुसले.

मास्तर वळसा घालून त्यांच्या समोर आला. आबांशी बोलायचं तर समोर येऊनच, हे आता त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

"आबा, तेवढं चहाचं बघून येता का? आज फारच उशीर झालाय."

"मी बघायचं? आणि तू काय करणार, आरती ओवाळून घेणार?"

"गुडघा दुखतोय माझा."

"काल खांदा दुखत होता. उद्या काय दुखणारेय ते आजच सांगून ठेव," आबा म्हणाले आणि गेले.

मास्तरच्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. दार लागल्याबरोबर तो गाडीपाशी उकिडवा बसला. नट सैल केला, बोल्ट अर्धा फेरा वर घेतला, गाडी चालू केली, सळई लावून ऐकलं, आणखी जरासा फिरवला, नट आवळला. मग आबांचा ठिपका पुसून त्याच जागी आबांच्याच पांढऱ्या रंगाचा नवा ठिपका दिला. त्याचा स्वतःचा रंग पिवळा होता. हे सगळं चार मिनिटांत. तीन वर्षांच्या सरावानं चोरसुद्धा एवढा सफाईदार होत नसेल.

मोटारसायकलच्या त्या कारखान्यात अगदी शेवटी ही खोली होती. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, पण झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला कानखोली म्हणत. इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणारी एक आखूड चेन असते. सैल राहिली तर ती खडखडते, जास्त ओढली तर कुईकुई करते. खालून एक पट्टी तिला दाबून धरते, ती पट्टी म्हणजे टेन्शनर. तो किती दाबायचा हे बोल्ट फिरवून हातानं ठरवायचं, आणि ते कुठल्याही मापात सांगता येत नसे. ते ऐकावं लागे. त्यासाठी दोन स्टुलं, दोन सळया आणि दोन माणसं होती.

मास्तर एकोणीस वर्षांपूर्वी आला तेव्हा शाळेतली नोकरी गेलेला, पडेल ते काम करायला तयार असलेला माणूस होता. नाव तेवढं मास्तर पडलं. आबांनी त्याच्या कानाला सळई लावली आणि म्हणाले, "चेन बडबडायला नको आणि रडायलाही नको. मधे एक जागा असते, तिथं ती नुसती धावते. ती जागा सापडली की तुझं इथलं बस्तान बसलं." ती जागा सापडायला मास्तरला तीन महिने लागले. तोवर त्याच्या निम्म्या गाड्या आबांनीच गुपचूप परत लावल्या आणि फोरमनला याचा वासही येऊ दिला नाही.

म्हणून आबांचे कान जायला लागले तेव्हा काय करायचं याचा मास्तरला विचार करावा लागला नाही. आधी फोनची घंटी गेली, मग वहिनींची हाक गेली. "हे मुद्दामच ऐकत नाहीत," असं वहिनी सगळ्यांना सांगत आणि आबा ते खुशाल सांगू देत. नवऱ्यानं मुद्दाम न ऐकणं कुठल्याही घरात खपून जातं. आता त्यांना निवृत्त व्हायला दोन वर्षं आणि चार महिने उरले होते. अडतीस वर्षं ज्या दारानं आत आलो त्याच दारानं शेवटच्या तारखेला ताठ मानेनं बाहेर जायचं, एवढी एकच त्यांची इच्छा होती आणि ती ते वर्षातून दहा वेळा बोलून दाखवत. कानांबद्दल मात्र दोघांत एक अक्षरही कधी झालं नव्हतं.

मग मास्तर तापानं तीन दिवस अंथरुणाला खिळला.

पंधरा दिवसांनी त्या तीन दिवसांतल्या अकरा गाड्या दुकानांतून परत आल्या. अकराही खडखडणाऱ्या. नव्यानं आलेल्या इंजिनिअर मॅडम यादी घेऊन कानखोलीत आल्या. वयानं मास्तरच्या पुतणीएवढ्या, पण बोलणं मोजकं आणि नजर तीक्ष्ण.

"या तीन दिवसांत इथं कोण होतं?"

आबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसले होते. त्यांना मॅडम आल्याचंही कळलं नव्हतं.

"चेनचा माल खराब आला असणार," मास्तर पटकन म्हणाला. "मागेही एकदा असंच झालं होतं."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, आबांच्या पाठीकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहून त्या गेल्या. मास्तर मनाशी हिशेब करायला लागला. आपण पुन्हा आजारी पडलो तर? एखाद्या दिवशी चहावाला वेळेवर आला तर?

त्या रविवारी त्याला ते सुचलं. टेन्शनरला माणसाच्या कानाची गरजच का लागावी? बोल्टच्या जागी स्प्रिंग बसवली तर ती पट्टीला आपली आपण वर ढकलेल, आणि मागे दातेरी खुंटी ठेवली तर पट्टी परत खाली बसणार नाही. चेन कायम हवी तेवढीच ताणलेली राहील. मग आबांनी ठिपका कुठेही द्यावा, तो बरोबरच असेल. दोन वर्षं आणि चार महिने कसे निघून जातील ते कळणारही नाही.

अवजारं बनवणाऱ्या हत्यारखात्यातल्या एका ओळखीच्या कारागिराला हाताशी धरून तो दर रविवारी खटपट करत बसला. बायको वैतागली. "त्या स्प्रिंगशीच लग्न लावायचं होतं," ती म्हणाली. पहिला नमुना चेन इतकी ओढायचा की ती रडायला लागे. मग त्यानं खुंटीला एका दाताची मोकळीक ठेवली. चौथ्या महिन्यात बसवलेला नमुना त्यानं सळई लावून ऐकला. आत चेन नुसती धावत होती. त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि तो आनंद आबांना सांगता येईना म्हणून तो घरी जाऊन बायकोला सांगत बसला.

मास्तरनं तो नमुना मॅडमना नेऊन दाखवला. त्यांनी पन्नास गाड्यांवर चाचणी घेतली. एकही वाजली नाही. नंतर पाचशेंवर घेतली. मग त्या हसतमुखानं कानखोलीत आल्या.

"मास्तर, कमाल केलीत तुम्ही. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक गाडीत हाच टेन्शनर बसणार."

"चला, बरं झालं," मास्तर म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"आणि ही जागा आपल्याला पॅकिंगला मिळेल. आता इथं ऐकायचं असं काही उरलंच नाही ना?"

 एवढी साधी गोष्ट मास्तरच्या ध्यानातच आली नव्हती. एकोणीस वर्षं ज्या खोलीत काढली ती नसेलच, हे त्याच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. आबांना वाचवायला निघाला होता आणि आबांच्या पायाखालची जमीन त्यानं स्वतःच्या हातानं काढून घेतली होती.

"मग आम्ही?" त्यानं विचारलं.

"तुम्ही माझ्याकडे, चाचणी विभागात. आबांना जुळणीच्या लाइनवर घेऊ. खातं बदललं की वैद्यकीय तपासणी होते, तेवढी झाली की झालं."

तपासणीला मास्तर बरोबर गेला. वहिनींनीच सांगितलं होतं, "भावजी, तुम्ही जा. ते डॉक्टरांचं मुद्दाम ऐकणार नाहीत."

कान तपासायची खोली म्हणजे काचेची एक पेटी होती. आबांच्या कानांवर फोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तपासणारी मुलगी बाहेर यंत्रापाशी बसली. पहिली काही मिनिटं आबांनी एकही चूक केली नाही. मग त्या मुलीच्या लक्षात आलं, की हे गृहस्थ आपल्या बोटांकडे बघताहेत. ती काही बोलली नाही. आत जाऊन तिनं आबांची खुर्ची तेवढी दुसरीकडे फिरवली.

आता आबांचं तोंड दाराकडे झालं, आणि दाराबाहेर मास्तर उभा होता. त्याला यंत्र दिसत होतं, मुलीची बोटं दिसत होती. तिनं कळ दाबली. मास्तरनं छातीशी धरलेल्या हाताचं एक बोट किंचित वर उचललं.

आबांनी ते पाहिलं. मास्तरला वाटलं, आता दाबतील. आबा त्याच्याकडे काही क्षण एकटक बघत राहिले, मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बटण धरलेला हात मांडीवर ठेवून ते ताठ बसून राहिले. मुलगी कळा दाबत होती. मास्तरला ते बघवेना. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

अपात्र, असा शेरा आला. ज्याला हाकेला ओ देता येत नाही त्याला लाइनवर ठेवता येत नाही, असा नियम होता. महिनाअखेर निवृत्ती.

दवाखान्याच्या बाकावर दोघं बसले. मास्तर वळून, आबांना तोंड दिसेल असा बसला. आबांनीच विषय काढला.

"माझ्या गाड्या तू किती दिवस परत लावत होतास रे?"

"कुठल्या गाड्या?"

"कान गेलेत, डोळे नाही गेले माझे. मी ठिपका ओढून लावतो, त्याला शेपूट येतं. तुझा कसा गोल गरगरीत, फळ्यावर काढल्यासारखा." त्यांनी बोटानं हवेत एक ठिपका काढला. "रोज चहाचं बघायला पाठवायचास. चहावाला मला म्हणायचा, आबा, तुम्हाला एवढी कसली तलफ?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? लाज वाटायची. आणि बरंही वाटायचं, खरं सांगतो. कुणीतरी मागे उभं आहे असं वाटायचं."

मास्तरनं मान खाली घातली. मग आठवण होऊन पुन्हा वर केली. "आबा, हा टेन्शनर मी..."

"माहितीये मला. तो कशापायी केलास तेही माहितीये."

"मी नसता केला तर दोन वर्षं सहज निघाली असती. शिव्या तरी घाला मला."

"चांगला झालाय रे तो," आबा म्हणाले. "मी हात लावून बघितला, झाकण अजिबात थरथरत नाही. मला असलं काही सुचलं नसतं." मग ते उठले. "फक्त माझ्यासाठी केलास हे कुणाला सांगू नकोस. तेवढं झाक."

महिनाअखेरीस कारखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. निरोप आणि बक्षीस एकाच दिवशी उरकायचं, असा मोठ्या साहेबांचा हिशेब. निरोपाच्या माणसांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. आबा इस्त्रीचा सदरा घालून मधल्या खुर्चीवर बसले होते आणि सबंध हॉल त्यांच्या पाठीमागे होता.

मास्तरला वर बोलावलं. साहेबांनी त्याच्या हाती फ्रेम दिली आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरला कुणाच्या नजरेला नजर देववेना. हळूहळू टाळ्या ओसरल्या, थांबल्या. साहेब बोलायला माइकपाशी गेले.

पण पहिल्या रांगेतून टाळ्या येतच राहिल्या. आबा वाजवत होते. मास्तरच्या तोंडाकडे बघत, हात वर धरून, एका लयीत, एकटेच. सगळ्यांनी थांबवल्याचं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मागे कुणीतरी खुदकन हसलं. दुसऱ्यानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. साहेबांनी घसा खाकरला.

मास्तरनं फ्रेम काखेत मारली आणि तोही टाळ्या वाजवायला लागला. ज्याचं कौतुक तोच उभा राहून टाळ्या वाजवतोय, हे बघून लोक आधी गोंधळले. पहिल्यांदा मॅडमनी हात उचलले. मग मागच्या रांगांतून एकेक करत सगळ्यांनी पुन्हा टाळ्या सुरू केल्या.

मास्तर थांबला नाही. आबांचे हात आपले आपण दमून खाली येईपर्यंत तो वाजवत राहिला.