उतरती नोंद

"सहावी का सातवी?" नवऱ्याने बाहेरून विचारलं.

"बोलू नका हो मध्येच. चुकतं मग."

ती बाथरूमच्या भिंतीला तोंड करून उभी होती. उजव्या हाताची दोन बोटं एकेक टाइल चढत वर सरकत होती. पाचवीपर्यंत काही वाटलं नाही. सहावीला खांद्यात कळ आली. सातवीच्या खालच्या रेघेला बोटं टेकली आणि हात आपला आपणच खाली आला.

"सहावी. वर बोटभर," ती बाहेर येत म्हणाली आणि मोबाइल हातात घेऊन टाइप करायला बसली.

"बोटभर! मग गॅझेटातच छापून यायला हवं," नवरा म्हणाला. त्याची उभी हयात छापखान्यात मशीनवर गेली होती, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट छापण्याजोगी आहे की नाही एवढाच तो विचार करी. "कोण वाचतं गं हे? तुझा हात वर गेला काय, न गेला काय, त्यांना काय सोयरसुतक?"

वाचणारं कोण आहे ते तिला माहीत होतं.

अठ्ठावीस वर्षं ती मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात होती. ओल्या चादरींचे पिळे मशीनमधून ओढून काढायचे, तापलेल्या रोलरमधून सरळ करायच्या, मग समोरासमोर उभं राहून दोघींनी चार टोकं धरून घड्या घालायच्या. दिवसाला चारशे-साडेचारशे. गेल्या वर्षी एके दिवशी घडी घालताना तिच्या हातातलं टोक सुटलं आणि हात काही वर जाईना. खांदा आखडला होता. स्वतःची वेणी घालता येईना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी भिंतीवर बोटं चढवायला सांगितलं आणि वर बजावलं, "रोज लिहून ठेवा, नाहीतर आठ दिवसांत सोडून द्याल." भाचीने तिच्या मोबाइलवर एक गट काढून दिला. तिथे माणसं आपापला व्यायाम रोज लिहीत. खरं नाव कुणी लावत नसे. भाचीनेच तिचं नाव टाकलं, 'चादरवाली'.

गटात बहुतेक तरणीताठी पोरं. कुणी शंभर किलो उचललं, कुणी दहा किलोमीटर पळालं. गटाच्या माथ्यावर एक वाक्य कायमचं लावलेलं होतं. 'कालच्यापेक्षा आज जास्त.' तिथे सहावी टाइल लिहायची म्हणजे लग्नाच्या पंगतीत घरची शिदोरी सोडून बसण्यासारखं. पहिला महिनाभर तिच्या नोंदीकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मग एकदा लाजेकाजेस्तव तिने खोटंच लिहिलं, 'आज आठवी टाइल.'

दहा मिनिटांत खाली ओळ उमटली. लिहिणाऱ्याचं नाव होतं 'मोजणीवाले'.

'काल सहावी, आज आठवी. मध्ये सातवी कुठे राहिली?'

तिचा चेहरा गोरामोरा झाला. बराच वेळ ती मोबाइल पालथा घालून बसली. मग लिहिलं, 'चुकलं. सहावीच.'

'बरं झालं सांगितलंत,' त्यांनी लिहिलं. 'मी पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. मोजणी खोटी लिहिली की सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. कमी असेल तर कमी लिहावं. लिहिणाऱ्याचं काही जात नाही.'

तेव्हापासून ती त्यांची नोंद वाचू लागली. ते फक्त चालत. दुसरं काही नाही. 'फाटकापर्यंत आणि परत, सहाशे दहा पावलं. वाटेत दोनदा थांबलो.' नाहीतर, 'आज पाचशे ऐंशी. वारा समोरून होता.' त्यांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. हे त्यांनी एकदाच, कुणीतरी विचारलं म्हणून लिहिलं. पुन्हा त्याचा उल्लेख नाही. रोज सकाळी दहाच्या सुट्टीत ती कपड्यांच्या गाठोड्यावर टेकून त्यांची ओळ वाची. तिच्या टाइलखालीही ते एखादा शब्द लिहीत. 'पुढे चला.' किंवा, 'आज थंडी आहे, खांदा शेकून घ्या.' घरच्या माणसाने म्हणावं तसं.

त्यांचे आकडे मात्र उतरत होते. पाचशेचे चारशे झाले. चारशेचे अडीचशे. एक दिवस फाटकाचं नावच नोंदीतून गेलं. मग 'व्हरांडा' आला. मग 'खोली'.

गटातल्या 'लोखंड' नावाच्या पोराला राहवलं नाही. त्याने लिहिलं, 'काका, राग मानू नका, पण हे बघून बाकीच्यांचा हुरूप जातो. प्रगती असेल तेव्हाच टाकत जा ना.'

चादरवालीच्या मस्तकात तिडीक गेली. तिने दोनचार तिखट शब्द जुळवलेही. पण त्याआधी मोजणीवाल्यांचं उत्तर आलं होतं.

'बाळ, ओढा आटला म्हणून कुणी नकाशातून पुसत नाही. आहे तिथे आहे तसा दाखवतात. आज एकशे चाळीस पावलं.'

लोखंडने पुढे काही लिहिलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नोंदीखाली तो रोज मुकाट्याने एक अंगठा टेकवून जाऊ लागला.

पुढच्या महिन्यात नोंद एका ओळीवर आली. 'खाटेपासून खिडकीपर्यंत. अकरा पावलं.' दुसऱ्या दिवशीही अकरा. तिसऱ्या दिवशीही. सलग पाच दिवस आकडा उतरला नाही याचाच तिला इतका आनंद झाला, की चादरींची घडी घालता घालता ती जोडीदारणीला म्हणाली, "आमचे मोजणीवाले टिकून आहेत हं."

"कोण गं?"

"आहेत एक."

जोडीदारीण हसली. "या वयात?"

"हात् मेले!" ती म्हणाली, आणि तीही हसली. त्याच हसऱ्या तोंडाने तिने सुट्टीत लिहिलं, 'उद्या बारा करून दाखवा बघू.'

'बघतो,' त्यांनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी नोंद आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती दर तासाला हात पुसून मोबाइल बघे. पुसूनही ओलसर बोटांना पडदा उघडत नसे, म्हणून मग नाकाच्या शेंड्याने उघडू लागली. दहाव्या दिवशी त्यांच्या नावाने काही आलं. पण भाषा त्यांची नव्हती.

'मी यांची मुलगी. बाबा परवा गेले. आठ दिवसांपूर्वी खिडकीशी पडले, खुबा मोडला, ते पुन्हा उठले नाहीत. डॉक्टरांनी त्यांना एकट्याने उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. तरी ते तुमच्यासाठी उठत होते. कुणीतरी लिहिलंय, उद्या बारा करून दाखवा. वाचलं मी ते. शाबासकी द्यायला तुमचं काय जातं? घरबसल्या चैन आहे तुमची.'

ती गाठोड्यावर बसूनच राहिली. रोलर सुरू झाल्याचा आवाज आला, जोडीदारणीने दोनदा हाक मारली. ती उठली, चादरीची दोन टोकं धरली, आणि तिसऱ्या घडीला तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"अगं, काय झालं? कोण गेलं?"

काय सांगणार? नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, चेहरा पाहिलेला नाही. नात्यातलं म्हणावं तर नातं नाही, ओळखीचं म्हणावं तर वाटेत समोरून गेले असते तरी कळलं नसतं. घरात माणूस गेलं तर खात्यातून तीन दिवसांची रजा मिळते. अर्जावर मयताशी नातं लिहावं लागतं. ती साहेबांकडे गेलीच नाही. पाच वाजेपर्यंत तिने चारशे दहा चादरींच्या घड्या घातल्या.

गटात एकाएकी सगळे भांडू लागले. कुणी म्हणे म्हाताऱ्याला चढवायला नको होतं, कुणी म्हणे माणूस स्वतःच्या मर्जीने चालला, यात आपला काय दोष. चादरवालीचं नाव कुणी घेतलं नाही. पण ओळ तिथे होती, आणि ओळीवर नाव होतं.

तिने लिहिणं सोडलं. व्यायामही सोडला. आठ दिवस नवऱ्याने पाहिलं. एरवी घास घशाखाली उतरायच्या आत ती खात्यातल्या गमती सांगायची. आता ताटातल्या ताटात बोटं फिरवून उठायची. नवव्या दिवशी त्याने रेडिओ बंद केला आणि तिच्यासमोर येऊन बसला.

"सांगणार आहेस का? का छापून आल्यावरच वाचू?"

तिने सांगितलं. पहिल्या आठव्या टाइलपासून बाराव्या पावलापर्यंत सगळं. तो ऐकत राहिला. मध्ये एकदाही थट्टा केली नाही.

"त्या पोरीला माहीत आहे, बारा लिहिणारी कोण ते?"

"नाव वाचलं असेल. पण चादरवाली म्हणजे कोण हे तिला काय कळणार?"

"मग सांग की तिला."

"शिव्या देईल."

"देईल. तिचा बाप गेलाय." तो उठला. दाराशी जाऊन थांबला. "छापखान्यात चूक झाली की दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्ती छापायचो. कोपऱ्यात, बारीक अक्षरात. कुणी वाचो न वाचो."

तिने रात्र जाऊ दिली. सकाळी कामावर निघण्याआधी मोजणीवाल्यांच्याच नावावर मुलीला निरोप लिहिला. 'बारा लिहिणारी मीच. माझं चुकलं. तुम्हाला बोलायचं असेल तर बोला.' खाली आपला फोन नंबर टाकला.

चार दिवसांनी, रविवारी दुपारी फोन वाजला. नवरा बाहेर गेला होता.

"तुम्ही डॉक्टर आहात?" बाईचा आवाज कोरडा होता.

"नाही. हॉस्पिटलात चादरी धुते मी."

"मग माझ्या वडिलांना चालायला सांगणाऱ्या तुम्ही कोण?"

"कुणी नाही, ताई."

"कुणी नाही! अहो, मी दिवसातून तीन वेळा त्यांना फोनवरून बजावत होते, बाबा, उठू नका. सांभाळायला बाई ठेवली होती. ती जरा आत गेली की हे उठायचे. कशासाठी? तर तुम्हाला आकडा कळवायला!"

बाजू मांडावी असं मनात येत होतं. त्यांनी कुणासाठी पावलं टाकली हे तुम्हाला तरी कसं ठाऊक, असं ओठावर येत होतं. तिने ते गिळलं. मग मुलीचा आवाज थोडा खाली आला.

"एक विचारू? तुमच्याशी ते काय बोलायचे?"

"बोलायचे असं नाही. लिहायचे. एक-दोन ओळी."

"माझ्याशी तेवढंही नाही. रोज फोन करायचे मी. कसं आहे, तर बरं आहे. जेवलात, तर जेवलो. काही हवंय, तर काही नको. संपलं. आई गेल्यापासून हेच. दर पंधरवड्याला यायचे मी, पाच तासांचा प्रवास करून. समोर बसायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. मला वाटायचं, यांना आता कुणाशीच काही बोलायचं नाही."

"तुम्ही नोंद वाचली नाहीत?"

"शेवटचं पान पाहिलं. त्यामागे नाही जाववत. त्यांनी बोलावं तसंच लिहिलंय ते. दोन ओळी वाचल्या की ते बोलायला लागतात." ती थांबली. "तुम्ही वाचून दाखवाल?"

"मी?"

"तुमच्या आवाजात चालेल मला. परक्या."

ती उठली, चष्मा लावला, भाचीने शिकवल्याप्रमाणे फोन बोलता ठेवून गट उघडला आणि बोटाने खाली ओढत ओढत अगदी पहिल्या दिवसापर्यंत गेली. पावणेदोन वर्षं मागे. मग वाचू लागली. तिला वाचायची सवय नव्हती; शाळेतल्या मुलीसारखी ती एकेक शब्द सुटा उच्चारत होती.

"आजपासून लिहितो आहे. फाटकापर्यंत दोन फेऱ्या. बाराशे चाळीस पावलं... अकराशे नव्वद. शेजाऱ्यांचं कुत्रं सोबत आलं... बाराशे. पाऊस, व्हरांड्यातच फेऱ्या मारल्या..."

पलीकडून मधूनच "हं" येत होता. एकदा हसल्यासारखा आवाज आला. कुत्र्याचं नाव मुलीने सांगितलं. उन्हं खिडकीतून सरकत टेबलावर आली. आकडे हजाराच्या खाली आले, पाचशेच्या खाली आले. चादरवालीचा घसा सुकला तरी ती पाणी प्यायला उठली नाही.

मग एक नोंद आली जी तिने तेव्हा वाचली होती आणि नुसती पुढे ढकलली होती. आता ती वाचायच्या आधीच तिला दिसली. क्षणभर वाटलं, गाळावी. कुणाला कळणार होतं? पण मोजणी त्यांची होती.

"मुलगी आली होती. जाताना दारापर्यंत सोडायला गेलो. बावीस पावलं. परतताना जमिनीवर बसावं लागलं. बाई येईपर्यंत अर्धा तास तसाच. पण तोवर तिची गाडी वळणावरून गेली होती, तिला दिसलं नाही. चांगलं झालं."

पलीकडे काहीच ऐकू येईना. फोन तुटला की काय म्हणून तिने पडद्याकडे पाहिलं. मिनिटं पुढे सरकत होती.

"ताई?"

तिने फोन कानाजवळ धरला.

"थांबू का?"

मग, कुणीतरी तोंडावरचा पदर बाजूला करावा तसा आवाज आला.

"नको. पुढची वाचा."

तिने चष्म्याची काच पुसली, ओळीवर बोट ठेवलं, आणि पुढची वाचली.

"आज एकवीस."