मिश्रीचा वास

माझं नाक तिखट आहे. शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर आधी मला कळतं, मग त्या बाईला. आमचे हे, म्हणजे रघुनाथ, लग्नानंतर आठवड्यातच म्हणाले होते, "पद्मिनी, तू पोलिसांत हवी होतीस." पण अशा नाकाच्या बाईला स्वतःच्या घरातला कुबट वास सहन होत नाही, आणि दुसऱ्याने तो घेतला तर त्याहून सहन होत नाही. माझं सगळं पुढचं चुकलं ते इथूनच.

सत्याऐंशीच्या सप्टेंबरात टेलिफोन खात्याने ह्यांना चंडीगढला पाठवलं. पंजाबात तेव्हा रोज काहीतरी घडत होतं. वर्तमानपत्र उघडायची भीती वाटायची, आणि बसस्टँडपाशी वाळूच्या पोत्यांमागे बंदूकवाले उभे असायचे. अशा दिवसांत सेक्टर बावीसमध्ये सरदार करतारसिंगांनी आम्हा परक्यांना घराचा खालचा मजला दिला. अट एकच. वर त्यांच्या गुरु ग्रंथसाहिबांची खोली होती, तेव्हा घरात विडी-सिगारेट चालणार नाही. हे सुपारीसुद्धा न खाणारे. "पक्का जी," म्हणाले आणि सामान उतरवायला लागले.

सरदारजींच्या बायकोला सगळे बीजी म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांचा एकुलता एक मुलगा सुखविंदर, तेवीस वर्षांचा, डेराबस्सीच्या औषधाच्या कारखान्यात कामाला होता. घरात त्याला 'काका' म्हणायचे. पंजाबात मुलाला लाडाने काका म्हणतात हे मला ठाऊक झालं होतं. पण दिवाळीला माझ्या सासूबाई कराडहून आल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. "आगं, एवढ्या तरण्या पोराला काका म्हनतीया त्याची आय?" काकालाही ते समजावून सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. त्यानंतर तो जिन्यावरून जाता-येता सासूबाईंना "भतीजी", म्हणजे पुतणी, अशी हाक मारायचा. त्यांच्या गुडघ्यांसाठी कारखान्यातून मलमाच्या डब्या आणून द्यायचा.

सासूबाईंच्या ट्रंकेत लुगडी होती, तिळाच्या वड्या होत्या, आणि तळाशी तंबाखूच्या पानांची जुडी होती. त्या मिश्री लावायच्या. आमच्याकडच्या जुन्या बायकांत ते घरोघर होतं. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, आणि ती पूड सकाळी बोटाने हिरड्यांवर घासायची. लावताना विशेष वास येत नाही. पण भाजताना जो खाट उठतो, तो घशात बसतो, पडद्यात बसतो, वाळत घातलेल्या कपड्यांत बसतो. तो तंबाखूच आहे हे लहान पोरही सांगेल.

मी त्यांना म्हटलं, "आई, इथे हे नाही चालायचं." त्या रडवेल्या झाल्या. चाळीस वर्षांची सवय, मिश्री नसली की पोट साफ होत नाही, डोकं उठतं. हे म्हणाले, म्हातारीचे किती दिवस राहिलेत, तू बघ काहीतरी. पुरुषांचं बरं असतं, 'बघ काहीतरी' म्हटलं की त्यांचं काम झालं.

मग मी बघितलं. रविवारी सकाळी सरदारजी आणि बीजी गुरुद्वाऱ्यात गेले की मागच्या अंगणात स्टोव्ह ठेवायचा, मिश्री भाजायची, आणि ते परतायच्या आत घर सुगंधी करायचं. पातेल्यात लवंग, दालचिनी आणि लिंबाच्या साली उकळत ठेवायच्या. फरशी पुसायच्या पाण्यात निलगिरीचं तेल. निखाऱ्यावर ऊद घालून धुपाटणं खोल्याखोल्यांतून फिरवायचं, कोपऱ्यांत कापूर, वर दोन उदबत्त्या. बीजी परतल्या की जिन्याशी थांबून मोठा श्वास घ्यायच्या. "पद्मिनी, तेरे घर विच ते रब वसदा है," म्हणायच्या. हळूहळू त्या बहिणींना, जावांना घेऊन यायला लागल्या, माझं घर हुंगायला. मी त्यांना लवंग-दालचिनीचं प्रमाण सांगायची. मला खोटं बोलल्यासारखं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मला फार आवडत होतं ते. परक्या गावात आपली काहीतरी ओळख झाली, याचा मला माज चढला होता.

जानेवारीत वर ग्रंथसाहिबांचा अखंड पाठ ठेवला, रात्रंदिवस न थांबता वाचायचा. शेवटच्या दिवशी सकाळी समाप्ती होती, पाहुण्यांनी घर भरलं होतं. थंडी मरणाची, दारं-खिडक्या सगळ्यांच्या बंद. मी आंघोळीला गेले. तेवढ्यात सासूबाईंची डबी रिकामी झाली. पाठ काय, समाप्ती काय, त्यांना कुठे कळत होतं? अंगणात गारठा म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातच तवा ठेवला. मी केस पुसत बाहेर आले तेव्हा घर धुराने भरलं होतं. मी तवा नळाखाली धरला, मूठभर उदबत्त्या एकदम पेटवल्या आणि धावत पुढच्या दाराशी आले.

धूर माझ्याआधी जिन्यात पोचला होता. काका नुकताच रात्रपाळी संपवून आला होता, जिन्याच्या पायथ्याशी वाकून बूट काढत होता. वरून सरदारजी उतरले. त्यांनी हवा हुंगली, मुलाकडे पाहिलं आणि काडकन त्याच्या थोबाडीत मारली. पगडी निसटून पायरीवर पडली. "गुरू महाराज घर विच, ते तू बाहर खड़ा हो के सिगरेट पीता है?"

"दारजी, मैंने नहीं पी. कसम से."

वरच्या पायरीवर पाहुणे जमले होते. काकाने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. आमच्याच दारातून तर धूर येत होता, आणि माझ्या हातात तो उदबत्त्यांचा जुडगा. तो नुसता बघत राहिला, मी बोलेन म्हणून. बीजी पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी अगदी मऊ आवाजात, मुलासाठी काही सापडतंय का अशा आशेने विचारलं, "पद्मिनी, तेरे घर से तो नहीं आई बू?"

"नहीं जी," मी म्हणाले. "हमारे यहाँ तो अगरबत्ती है."

घर जाईल ही भीती होती, हे खरं. त्या दिवसांत सरदाराच्या पाठाच्या दिवशी आम्ही तंबाखू जाळला असं बाहेर पसरलं तर काय होईल, याचीही भीती होती. पण माझ्या तोंडून ते 'नहीं जी' निघालं ते भीतीने नव्हे. त्या सगळ्या बहिणी आणि जावा वर उभ्या होत्या. त्यांच्यासमोर माझं घर घाण ठरलं असतं, तेवढंच माझ्या मनात होतं. माझी मला आजही किळस येते.

काका त्याच दुपारी पिशवी घेऊन निघाला, तरनतारनजवळ मामाच्या गावी. जाताना त्याने आमच्या दाराकडे पाहिलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "त्या पोराला कशापायी मारलं गं?" मी म्हटलं, घरातलं भांडण असेल. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मात्र ट्रंकेत उरलेला तंबाखू मी त्याच दिवशी संडासात ओतला, आणि त्या अडीच दिवस जेवल्या नाहीत.

सरदारजींचा राग आठवडाभरात निवला. त्यांनी पत्र लिहिलं, परत ये. काकाने उलट लिहिलं, गव्हाच्या ओंब्या भरल्या की येतो, मामाला हातभार लावतोय. मार्चच्या अखेरीस मामाच एकटा आला. काका अमृतसरला जायला बसमध्ये बसला होता. वाटेत बस थांबवून चौघा तरण्या पोरांना उतरवून नेलं. पोलिसांनी की अतिरेक्यांनी, बघणारेही नीट सांगत नव्हते. सरदारजी सहा महिने ठाण्याठाण्यांतून फिरले. कुठल्याच वहीत त्याचं नाव नव्हतं. मग ते घरीच बसले आणि बोलायचे थांबले.

त्यानंतर मी घरात उदबत्ती लावली नाही. देवापुढे नुसतं निरांजन. हे म्हणाले, घर कुबट झालंय. मी म्हटलं, होऊ दे.

नव्वदच्या मे महिन्यात आमची नागपूरला बदली आली. सासूबाई आधीच्या वर्षी वारल्या होत्या, आता लपवायचं कोणासाठी? सामान ट्रकमध्ये चढत होतं आणि मी मनाशी ठरवलं, आज सांगितल्याशिवाय हे शहर सोडायचं नाही. आईला आपला मुलगा खोटारडा वाटू नये, एवढं तरी तिला माझ्याकडून मिळायला हवं होतं. वर गेले. बीजी परातीत मटार सोलत होत्या.

"बीजी, उस दिन जो बू आई थी... वो हमारे घर से थी. माँजी मिश्री भूनती थीं."

हिंदी बोलताना मराठी शब्द तसेच निघायचे माझे. बीजींनी मान वर केली.

"मिश्री?"

"हाँ जी. रोज लगाती थीं. मिश्री."

त्या हसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपली मिश्री त्यांना कुठून माहीत असणार? त्यांच्याकडे मिश्री म्हणजे खडीसाखर.

"कमलिए, पगली," त्या म्हणाल्या, "मिश्री जलने से ऐसी बू आती है क्या? तू ये बोझ ले के बैठी रही दो साल?" त्यांनी हात ओढणीला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "मेरे काके ने पी थी, मैं जानती हूँ. जवान था, कारखाने में यार-दोस्त थे. पी थी तो क्या हुआ. बस, मुझसे झूठ बोल के गया, वही चुभता था. अब वो भी नहीं. मैंने माफ कर दिया उसको."

खाली ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. एकच शब्द बदलायचा होता. तंबाखू. पंजाबीत तमाकू, आपल्याहून फार वेगळा नाही, आणि मला तो येत होता.

मी वाकून त्यांच्या पाया पडले आणि खाली आले.