कळंबच्या गोठ्यातली विमानवाहू नौका

मी एक जुनी विमानवाहू नौका आहे. हसलात ना? हसा, हसा. जिथं नदीला उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकलं तरी लोक खूश होतात, त्या कळंबमध्ये ही बया काय करतेय, असंच तुमच्या मनात आलं असेल. पण मित्रांनो, मी बैलगाडीएवढी लांब आहे, अंगाला करडा रंग आहे, एका बाजूला उभा मनोरा आहे आणि कुशीवर ठळक अक्षरांत 'विराट' लिहिलेलं आहे. अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात माझ्यासारखी दुसरी नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी आहे.

माझा जन्म मोंढ्याजवळ गफारभाई पत्रेवाल्यांच्या दुकानात झाला. गफारभाई धान्याच्या कोठ्या बनवतात. त्यांच्या कोठीत उंदीर शिरला असं आजवर कुणी ऐकलेलं नाही. मला घडवण्याची कल्पना मात्र राजपाल यांची. ते नौदलात होते. खऱ्या 'विराट'च्या धावपट्टीवर पिवळा सदरा घालून विमानं जागेवर लावायचं त्यांचं काम होतं. निवृत्त होऊन गावी आले, आणि बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत आपल्या नौकेचा देखावा काढायचाच असं त्यांनी ठरवलं. गफारभाईंच्या हातात एक फोटो दिला आणि स्वतः एका लग्नाला तेरला गेले.

तिथंच घोळ झाला. फोटोत नौकेचं नाक वर उचललेलं होतं. गफारभाईंनी जन्मभर वाकलेला पत्रा सरळ करूनच पोट भरलेलं. त्यांनी माझं नाक ठोकून ठोकून पाटासारखं सपाट केलं.

राजपाल परत आले आणि कपाळावर हात मारून खालीच बसले. "अहो गफारभाई, त्या चढावरनं तर इमान उडतंय! तुमी चढच काढून टाकला?"

"या अल्ला! मला वाटलं फोटोतलं जहाज कुठं तरी आदळलंय," गफारभाई म्हणाले. "राजपालभाई, आपल्या दुकानातनं पिचकलेला माल बाहेर जात न्हाय."

तेव्हा राजपाल यांची पुतणी श्रावस्ती शेजारी उभी होती. चौथीतली पोर, दोन वेण्या आणि तोंडात सारखे प्रश्न. तिनं विचारलं, "काका, सपाट असलं तर इमान उडणारच न्हाय का?"

राजपाल राग विसरले. म्हणाले, "उडतंय की. काही देशांच्या नौका सपाटच असत्यात. गोफणीतनं दगड सुटावा तसं इमान पुढं फेकत्यात. त्याला यंत्र लागतंय, लई ताकदीचं."

"मग आपल्या पुढच्या नौकेला आपण गोफण लावू," श्रावस्ती म्हणाली. 'आपण' म्हणाली हो! जणू नौका बांधायचा कारखाना तिच्या परसात होता.

त्या जयंतीला मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहिले. निळे झेंडे, हलगीचा ठेका आणि माझ्या धावपट्टीवर पुठ्ठ्याची विमानं. लोक गच्चीवरून बघत होते. एक म्हातारे गृहस्थ मला हात लावून राजपालना म्हणाले, "आपलं पोरगं दर्यावर जाऊन आलं, आता दर्या गावात आणला!" तेव्हा माझा पत्रा ऊर भरून आल्यासारखा थरथरला. मग दोन-तीन वर्षं मीच मिरवले. पुढं नवे देखावे आले, दिव्यांचे, धुराचे. मला ठेवायला जागा कुठं? राजपाल यांच्या विधवा भावजय मथुराबाई, म्हणजे श्रावस्तीची आई, यांच्या गोठ्यात माझी रवानगी झाली.

मथुराबाईंच्या तीन म्हशी आहेत आणि गावात दुधाचा रतीब आहे. माझ्या धावपट्टीवर कडब्याच्या पेंढ्या आल्या. मनोऱ्यावर कासरे टांगले गेले. एवढ्या वर्षांत माझ्यावरून उडाल्या त्या फक्त कोंबड्या, आणि खरं सांगते, त्यांचं उतरणं अगदीच गबाळं असतं. खरी 'विराट' तोडायला काढली, ती बातमी राजपालनी मला इथंच येऊन सांगितली. माझ्या कुशीवर हात ठेवून ते रडले. त्या दिवसापासून तिचं नाव जिवंत ठेवणारी मीच उरले, असं मी मानते. गंज चढला, पण मान खाली घातली नाही.

श्रावस्ती मात्र रोज यायची. धार काढता काढता काकांना विचारत राहायची, एवढं लोखंड तरंगतं कसं, लाटेत कलंडत का नाही. पोर मोठी झाली, बारावी झाली, आणि यंदाच्या पावसाळ्यात कोचीला जहाजबांधणीच्या शिक्षणाला तिचा नंबर लागला. आपली नवी 'विक्रांत' जिथं बांधली, ते शहर! मला तर वाटलं गोठ्यातून ओरडून साऱ्या गावाला सांगावं.

मथुराबाईंनी साफ नकार दिला. एकुलती एक पोर, इतक्या लांब, परक्या मुलखात. धाराशिवला कॉलेज आहे, एस.टी.नं जाऊन-येऊन करता येतं, मग तिथं का नाही? तिसऱ्या दिवशी मथुराबाई गफारभाईंना गोठ्यात घेऊन आल्या. गफारभाईंच्या हातात पत्रा कापायची कातर होती.

"गफारभाई, छप्पर गळतंय. ह्या नावेचा पत्रा कापा आन् तिथं ठोका. हिनंच माझ्या पोरीचं डोस्कं फिरवलंय."

मित्रांनो, मी लढाऊ नौका आहे, पण तेव्हा भ्याले. श्रावस्ती धावत आली आणि माझ्यापुढं हात पसरून उभी राहिली. मागोमाग राजपाल आले.

"भाभी, मी बनवलेली चीज मलाच कापायला लावता?" गफारभाई कसनुसे झाले. मग वातावरण निवळावं म्हणून म्हणाले, "तसं मोबाईलवर म्हणतात, असल्या जहाजांचा जमानाच गेला. लांबनं क्षेपणास्त्र मारलं की खेळ खलास."

"बघा!" मथुराबाई कडाडल्या. "भावजी, आता खरं सांगा. ही पोर चार वर्सं शिकणार. तवर जहाजंच बांधायची बंद झाली तर तिनं काय करायचं? सरकार असलं अजून जहाज बांधणार का न्हाय?"

राजपाल यांचा आवाज खाली आला. "वहिनी, खोटं कसं सांगू? अजून ठरलेलं न्हाय. कुणी म्हणतंय लई मोठी बांधा, कुणी म्हणतंय 'विक्रांत'सारखीच अजून एक करा, कुणी म्हणतंय त्यापेक्षा पाणबुड्या वाढवा. पर मी त्यात राहून आलोय. आज आपल्याकडं दोन हायत, एक ही 'विक्रांत' आन् एक परदेशातनं घेतलेली. नौका समुद्रावर राबली की दुरुस्तीला न्यावी लागती आन् महिनोन्महिने तिथंच पडून ऱ्हाती. तवा दोनातली एकच कामाला. तिला काय झालं तर?"

मथुराबाईंनी गव्हाणीकडं पाहिलं. एक म्हैस दुभती होती, एक गाभण होती, तिसरी आटत आली होती.

"म्हंजे," त्या सावकाश म्हणाल्या, "एक आटलेली असतीया."

"व्हय."

"आन् दोन म्हशींवर रतीब चालवत्यात? येडे हायत का ते?"

राजपाल हसले. श्रावस्ती हळूच म्हणाली, "आई, एक बांधायला दहा-बारा वर्षं लागत्यात. जुनी थकायच्या आधी नवी सुरू करावी लागती."

"ते मला शिकवू नको. म्हातारी म्हैस बसायच्या आधी वगार वाढवावी लागती, हे कळायला शाळा लागत न्हाय." मथुराबाईंनी पदरानं तोंड पुसलं. छपरातून पडणाऱ्या थेंबांखाली बादली सरकवली. "रतीब लावलाय म्हणल्यावर तिसरी आणावीच लागती. आज आणतील, उद्या आणतील, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पर ती बांधणारी माणसं आधी तयार पायजेत." मग एकदम वळून म्हणाल्या, "गफारभाई, कातर ठेवा. छपराला डांबर लावा."

श्रावस्ती आईच्या गळ्यात पडली. गफारभाई डोळे पुसत शिडी शोधू लागले. आणि मी? माझं काय सांगू! त्या क्षणी कुणी मला बंदरात नेलं असतं, तर मी सरळ समुद्रात उडी घेतली असती.

"पर रतीब कोण घालणार?" राजपालनी विचारलं.

"तुमी. पहाटे उठायचं, किटल्या घ्यायच्या आन् गावभर फिरायचं. लई वर्सं नुसतं बोलून दावलंत."

हल्ली राजपाल रोज किटल्या घेऊन निघतात आणि कधी कधी दूध चुकीच्या घरी देऊन येतात.

निघायच्या सकाळी श्रावस्ती गोठ्यात आली. तिनं माझ्यावरचा कडबा उतरवला, कोरड्या फडक्यानं धावपट्टी पुसली. मथुराबाई मागं उभ्या होत्या.

"बाय, तू बांधशील ती नौका मला एकदा दाव," त्या म्हणाल्या. "म्या समुद्र बघितला न्हाय."

"आई, लई वर्षं लागतील गं."

"लागू देत. तवर मी मरत न्हाय."

तर मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. तुमच्या गावात, शाळेत, गोठ्यात माझ्यासारखं काही पडलं असेल, तर त्याचा गंज खरवडा, दरसाल रंगाचा एक हात द्या. त्याच्याकडं बघून कुणाच्या डोक्यात काय उगवेल, सांगता येत नाही. आणि कळंबला आलात तर मलाही थोडा रंग लावून जा. श्रावस्तीनं बांधलेली माझी धाकटी बहीण जेव्हा पाण्यात उतरेल, तेव्हा मथुराबाई ते बघून परत येतील, इथं धार काढायला बसतील आणि ती दिसते कशी, हे सगळ्यात आधी मला सांगतील. तोवर मला टिकायचं आहे.