लाल धाग्यातला पेन ड्राइव्ह

गोंदियाजवळच्या दवनीवाडा गावात बिसराम भाऊजींच्या घरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना पोरं लोंबकळत होती, बाया डोक्यावर पदर ओढून हात जोडून उभ्या होत्या. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. कीबोर्डजवळ कोणी नव्हतं, तरी पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं.

'मी दुधराम. मला शांती नाही.'

"बापूजी!" म्हणत माझी मोठी बहीण निर्मलाबाई जमिनीवर आडवी झाली. दुधराम तिचे सासरे. मागच्या दिवाळीनंतर वारले. जिवंतपणी ते कॉम्प्युटरला नुसता 'डबा' म्हणायचे, आणि आता त्याच डब्यात बसून टायपिंग करत होते.

शेजारच्या पाटावर जागेश्वर महाराज बसले होते. एवढ्या उकाड्यात डोक्यापासून गुडघ्यापर्यंत घोंगडी. आतून आवाज आला, "आत्मा वरच्या सर्व्हरवरून उतरून राहिली आहे. कोणी शिंकू नका, लिंक तुटते."

लोकांनी नाकं दाबली. मी चेतना, फुलचूरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. शिंकेने लिंक तुटते हा धडा आमच्या पुस्तकात नाही.

मी चमत्कार पाहायला आले नव्हते. सकाळी माझी भाची रेणू हिने शेजारच्या वच्छलाबाईंच्या फोनवरून मला गाठलं होतं. "मावशी, नागपूरची जागा आज संध्याकाळपर्यंत पक्की नाही केली तं गेली. बाबा कॉम्प्युटरले हात लावू देत नाही. मोबाईलबी काढून घेतला." रेणूला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती. तिच्या अभ्यासासाठीच तो कॉम्प्युटर घेतला होता. पण महिन्याभरापासून बापूजींचा आत्मा दोनच गोष्टी मागत होता: रोडलगतच्या धानाच्या बांधीत माझं ठाणं, म्हणजे छोटं देऊळ, बांधा, आणि पोरीला नागपूरला पाठवू नका. ठाण्याची देखभाल अर्थात महाराजच करणार होते. मेलेल्या माणसाची इच्छा आणि जिवंत माणसाची सोय इतकी नेमकी जुळलेली मी कधी पाहिली नव्हती.

हे पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मीच भाऊजींना कॉम्प्युटर गोंदियाला दुकानात न्यायला लावलं होतं. दुकानवाल्याने आतली सगळी घाण पुसून सगळं नव्याने बसवून दिलं. घरी आणला, आणि दुसऱ्याच दिवशी बापूजी पुन्हा हजर! "मशीन धुतलं, आत्मा कशी धुवाल?" असं महाराज म्हणाले म्हणे. गाव मला हसलं.

कोपऱ्यातून रेणू उठली. "महाराज, आजाले सही बी करता येत नव्हती जी. अंगठा लावे तो. मंग टाइप कसा करून राहिला?"

घोंगडी जरा चुळबुळली. मग म्हणाली, "बेटी, मरने के बाद सारा अज्ञान चला जाता है."

माणसांनी माना डोलावल्या. आयुष्यभर शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसासाठी मेल्यावर रात्रशाळा भरते, हे त्यांना पटलं. रेणूचा साधा प्रश्न मात्र कोणाला पटला नाही. "चूप बस वो," भाऊजी तिच्यावरच खेकसले.

माझं डोकं फिरलं. मी भिंतीशी गेले आणि इंटरनेटच्या डब्याची पिन उपटली. पडद्यावर 'रेणूला नागपू' एवढंच राहिलं.

"काऊन जी महाराज," मी विचारलं, "भुताले रेंज लागते काय?"

"आत्मा लहरींवर येते! तुम्ही लहर तोडली!"

"बरोबर आहे," शेजारचा कैलाश म्हणाला. "टॉवर नसला का माहा फोनबी लागत नाही." झालं, माझ्या पुराव्याचंच त्यांनी चमत्काराचं प्रमाणपत्र करून टाकलं.

मी बहिणीकडे वळले. "ताई, दुकानातून आणल्यावर पयले काय केलं होतं?"

"नारळ फोडला. कुंकू लावलं. मंग महाराजांचा परसाद लावला, तवा बटन दाबलं."

"कोणता प्रसाद?"

तिने कॉम्प्युटरच्या मागे बोट दाखवलं. तिथे एक पेन ड्राइव्ह खोचलेला होता. त्याला लाल धागा गुंडाळलेला, वर कुंकवाचा टिळा. मागच्या दसऱ्याला घरातल्या नांगर-विळ्यांसोबत नव्या कॉम्प्युटरचीही पूजा झाली, तेव्हा महाराजांनी तो दिला होता. आत आरती आहे, रोज लावा, घराचं रक्षण होईल.

"आरतीच तं आहे," भाऊजी म्हणाले. "लावून पाहाले काय बिघडते?"

मला सगळं उमगलं. पण नुसतं सांगून इथे कोण ऐकणार? मी पिन पुन्हा लावली आणि हात जोडले. "चुकलं महाराज. बापूजींना पुन्हा बोलवा."

गर्दीनेही आग्रह धरला. आता महाराजांना माघार घेता येईना. घोंगडी हलली. पडद्यावर अक्षरं आली: 'चेतनाला शाप...'

मी घोंगडी ओढली.

महाराजांच्या हातात भला मोठा मोबाईल होता. त्यावर आमच्याच कॉम्प्युटरचा पडदा, तीच अक्षरं, आणि अंगठा अजून चालूच.

"हे पाहा," मी ओरडले. "ही आरती वाजते तेव्हा तिच्या मागून एक प्रोग्राम गुपचूप आत शिरतो. मग हा माणूस कुठूनही तुमचा पडदा पाहतो, कॉम्प्युटरवरच्या कॅमेऱ्याच्या माईकमधून तुमचं बोलणं ऐकतो, माऊस हलवतो, टाइप करतो. दुकानवाल्याने चोर बाहेर काढला होता. तुम्ही त्याला कुंकू लावून परत घरात घेतलं!"

मग मागून कोणीतरी सांगितलं की भगवे घालण्याआधी या जागेश्वरचा गोंदियात मोबाईल दुरुस्तीचा गाळा होता. हे ठाऊक असलेला माणूस इतके दिवस हात जोडून उभा होता!

"दर्शनाचं यंत्र आहे हे," असं पुटपुटत महाराज उठले, मोटरसायकलला किक मारली आणि गेले. कोणी अडवलं नाही. दोघांनी तर सवयीने नमस्कारही केला.

"रेणू, या मशीनवर काही उघडू नको. माझ्या मोबाईलवर उघड," मी म्हणाले. ऊन अजून उतरलं नव्हतं. वेळ होता. तिने कॉलेजचं पान उघडलं, पासवर्ड टाकला. बापूजींचं नाव. त्या घरात मेलला, बँकेला, कॉलेजला, सगळ्याला तोच पासवर्ड. कॉम्प्युटर पुसला तरी तो कोणी बदलला नव्हता.

पान उघडलं. 'विद्यार्थ्याने जागा सोडली आहे.'

"मी नाही सोडली," रेणू म्हणाली. "मावशी, मी नाही सोडली वो."

सोडली होती महाराजांनी, टाइप होताना टिपून ठेवलेला तोच पासवर्ड वापरून. पोरगी नागपूरला जाणार नाही असं आत्म्याने गावासमोर सांगितलं होतं, ते खरं करून दाखवायला नको? मी कॉलेजात फोन केला. तिकडची बाई म्हणाली, "तुमच्याच पासवर्डने सोडली, मॅडम. जागा पुढच्या मुलीला गेली. तक्रार द्या." आम्ही तक्रार दिली, पोलिसांतही दिली. जागा परत आली नाही.

कॉम्प्युटर मी पुन्हा पहिल्यापासून पुसला. पासवर्ड माझ्या मोबाईलवरून बदलले, प्रत्येक ठिकाणी वेगळा. ज्या ज्या ऑनलाइन खात्यात कोणी आत बसलेलं असेल तिथून सगळ्यांना बाहेर काढलं. बँकेला कळवलं. रेणूसाठी कॉम्प्युटरवर रोजच्या वापराचं साधं खातं केलं, म्हणजे तिला न विचारता काही आत बसणार नाही. पेन ड्राइव्ह पुरावा म्हणून पोलिसांना दिला. वच्छलाबाईंनी त्याचा लाल धागा तरी मागून पाहिला. रेणू शेजारी बसून सांगेन ते करत होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

त्या रात्री मी तिथेच राहिले. सकाळी उठले तर निर्मलाताई पडद्याला लिंबू-मिरची बांधत होती.

"ताई!"

"राहू दे वो. बांधून पाहाले काय बिघडते?"

रेणूने पुढे होऊन ते सोडलं आणि आईच्या हातात ठेवलं. "माहं वर्ष बिघडलं, आई."

ताईने खाली पाहिलं. दाराशी उभ्या भाऊजींनीही मान खाली घातली.

वाचकहो, उद्या तुमच्याही दारी कोणी प्रसाद घेऊन येईल. धाग्यात, पुडीत, नाहीतर मोबाईलवरच्या एका दुव्यात. 'काय बिघडतं' असं स्वतःला विचारू नका. देणाऱ्याला विचारा, हे आत जाऊन काय करतं? सरळ उत्तर आलं नाही, तर देवाची भीती बाळगू नका. घोंगडी ओढा.