सांडूच्या पायाला बूट

देवगाव रंगारीच्या सांडूचे पाय लांबीला बेताचेच होते, आठ नंबरचे. भानगड होती ती रुंदीत. देवानं लांबीची माती मोजूनमापून घेतली आणि रुंदीची घेताना कुणीतरी त्याला गप्पांत गुंतवलं असावं. अंगठा एका वाटेनं निघालेला, करंगळी दुसऱ्या वाटेनं, आणि मधली तिघं कुणाच्या मागं जावं या विचारात. लहानपणी तो ओल्या शेतातून गेला की मागं उमटलेल्या ठशांत चिमण्या अंघोळ करीत आणि म्हशी पाणी पीत. एकदा तो गौताळ्याच्या रानात जळण आणायला गेला, तर त्याचे ठसे बघून अस्वल उतरल्याची आवई उठली. तीन गावची माणसं काठ्या घेऊन दोन दिवस अस्वल शोधत हिंडली. सांडूही त्यांच्यात होता. तो जितका हिंडे तितकी अस्वलं वाढत.

असल्या पायांना बूट कुठला? चप्पलच, तीही अंगठा तुटेस्तोवर. गाडीत बसला की ती पण सीटखाली. गंगापूर ते संभाजीनगर त्यानं वीस वर्षं काळीपिवळी जीप चालवली ती अनवाणी. "पायाला ब्रेक कळाया पायजे," म्हणायचा. "मधी कातडं आलं की निरोप उशिरा पोचतो."

पण मालकानं जीप विकली आणि सांडू दोन महिने पुंडलिकनगरातल्या भाड्याच्या खोलीत बसून राहिला. बसून म्हणजे उभा. दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत त्यानं इतक्या चकरा मारल्या, की त्या अंतरात मुंबई गाठून परत येता आलं असतं. अशात चिकलठाण्याच्या कंपन्यांत कामगार पोचवणाऱ्या एका बसमालकाकडं ड्रायव्हरची जागा निघाली. सोमवारी सकाळी नऊला ट्रायल. ट्रायल घेणार नानासाहेब. तीस वर्षं बस चालवलेला आणि आता बस चालवणाऱ्यांना चालवणारा माणूस. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "काळे बूट पायजेत. चपलीवाला आन् अनवाणी, दोघं गेटावरूनच माघारी."

नोकरी मिळाली तर ठीक. नाही तर खोली सोडून गावाकडं, आणि संस्कृतीची, म्हणजे त्याच्या पोरीची, आठवीतली शाळा अर्ध्यात सोडून. हे सगळं आता बुटावर येऊन थांबलं होतं.

गावाकडं त्याच्या आईला, चंपाबाईला, ही खबर लागली. चंपाबाईच्या घरात प्रत्येक पोराच्या पायाच्या मापाची एकेक तुराटीची काडी आढ्याला खोचलेली असे. बाजारात पाय न्यायची पद्धतच नव्हती. काडी न्यायची, चपलेला लावायची, बसली की चप्पल पिशवीत. तिनं आठवडी बाजारातून सांडूच्या काडीनं काळे बूट घेतले आणि ओळखीच्या जीपवाल्याबरोबर धाडले. ते रविवारी सकाळी पोचले. चकचकीत, नाडीचे, लांबीला सूतभरही इकडंतिकडं नाही.

सांडूनं पाय घातला. अर्धा गेला. उरलेला अर्धा पाय बाहेर, लग्नाला आलेल्या पण पंगतीत जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखा.

"आवं, दम धरा," त्याची बायको रूपाली म्हणाली. ती जालना रोडवरच्या एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटते. पोळीचा घेर आणि नवऱ्याचा पाय, दोन्हींचा तिला अंदाज. "जोर लावू नका, शिवण फाटंल."

"शिवण फाटली तर फाटू दे, पाय गेला पायजे!"

शिवण फाटली. पाय काही गेला नाही.

मग दोघं पैठण गेटला. सांडू पुढं, रूपाली मागं. तो दुकानाच्या पायरीवर चढे, आत जाई, पाय दाखवी, बाहेर येई, आणि रूपाली अजून पायरीशीच असे. चौथ्या दुकानातल्या माणसानं पाय बघून गल्ल्यावरचा पंखा बंद केला. नीट बघता यावं म्हणून.

"भाई, ये पैर है के परात?"

"परात तुमच्या घरी. बूट दाखवा."

"गुस्सा नक्को करो. आठ में तो नै जाता ये. नौ देखो." नऊ झाला. दहा झाला. अकराला पाय कसाबसा आत शिरला. "हौ! बैठा ना? इसके आगे नंबर नै मेरे पास. इसके आगे डब्बाच पहनना पडेंगा."

पाय रुंदीला बसला होता, पण पुढं चार बोटं जागा मोकळी. सांडू चालला की बूट आधी पोचे आणि सांडू मागून येई.

"ह्यात उंदरीण बाळंत व्हईल," रूपाली म्हणाली.

"आगे कापूस भरो, भाबी. सब भरते."

सांडूला थांबायला वेळ नव्हता. कापूस भरला, बूट घेतले, रिक्षा केली. गल्लीत शेजारच्या धोंडिबाचा पाण्याच्या जारांचा टेम्पो उभा होता. "चावी दे, बघू दे पायाला ब्रेक लागतो का," म्हणत सांडू चढलाच. धोंडिबा नको म्हणेस्तोवर गाडी चालू.

आता अकरा नंबरचा बूट म्हणजे काय चीज असती, ते टेम्पोला काय ठाऊक? सांडूनं ब्रेक दाबला, तर बुटाचा उरलेला कापसाचा शेंडा ॲक्सिलरेटरवर. टेम्पोला एकाच वेळी दोन हुकूम गेले, थांब आणि पळ. तो जागच्या जागी डरकाळ्या फोडू लागला. सांडूनं घाबरून पाय उचलला, तर ब्रेक सुटला आणि शेंडा तिथंच अडकला. टेम्पो उधळला, समोरच्या ओट्यावर चढला आणि ओट्यावर बसूनच राहिला. मागचे अकरा जार फुटले. गल्लीला चार दिवसांत पाणी आलं नव्हतं. बायका बादल्या घेऊन धावल्या. दोघींनी तर चादरीपण धुऊन घेतल्या.

"सांड्या," धोंडिबा ओट्याकडं बघत म्हणाला, "उद्या बस चालवायलास का नांगर?"

सांडूनं बूट काढून हातात घेतले आणि पुन्हा चकरा. दार, मोरी, दार.

चारला रूपालीनं पदर खोचला. "चला. एक जागा राहिलीय. आमच्या दवाखान्यातल्या पेशंटला बूट करून देती, विशाखाताई. उस्मानपुऱ्यात."

"पेशंटला? मी काय पेशंट हाय?"

"सकाळपासनं तर तसंच चाललंय तुमचं."

विशाखाचं वर्कशॉप म्हणजे एका घराची पुढची खोली. भिंतीवर पायाचे लाकडी साचे ओळीनं टांगलेले, कुणाचा सडपातळ, कुणाचा बसका, कुणाच्या साच्यावर डाव्या बाजूला चामड्याची ठिगळं लावून गाठ उठवलेली. शुगर झालेल्या माणसांच्या पायाला जखम होऊ नये म्हणून ती आतून मऊ, ऐसपैस बूट करायची. तिनं सांडूला खुर्चीत बसू दिलं नाही.

"उभे राहा, दादा. दोन्ही पायांवर वजन द्या. आणि हलू नका."

ते शेवटचं अवघड होतं. रूपालीनं त्याचा दंड धरला. विशाखानं कागदावर पायाची रेघ ओढली, मग बोटांच्या मुळाशी पायाभोवती टेप गुंडाळून बघितली, मग पुन्हा बघितली.

"संध्याकाळी आलात ते चांगलं झालं. दिवसभरानं पाय फुगतो. सकाळी माप दिलं असतं तर संध्याकाळी बूट चावला असता." टेप सोडत ती म्हणाली, "लांबी आठच हाय तुमची. अकरा कोण म्हणलं?"

"पाय तर अकरातच गेला."

"रुंदीसाठी लांबी वाढवली तर पाय बुटात पोहतो. मग पॅडल सापडतं का?"

"दोन-दोन सापडतात," सांडू म्हणाला.

विशाखा हसली, पण मान हलवली. नवा जोड करायला पाच दिवस. चामडं साच्यावर बसू द्यावं लागतं, घाई केली की ते मागं फिरतं. सांडूचा चेहरा उतरला आणि पाय दाराकडं वळले. तेवढ्यात तिनं फळीवरून एक जोड काढला. गंगापूरच्या एका गुरुजींसाठी केलेला. गुरुजींना दुसरा तपकिरी पाहिजे होता म्हणून पडून राहिलेला. काळा, बोटांकडं पसरट, नाडीऐवजी रुंद पट्टा. तिनं आतला एक थर काढला, दुसरा पातळ घातला, पट्ट्याचं टोक दोन बोटं पुढं शिवलं. तासाभराचं काम. तेवढ्या वेळात सांडू पाच वेळा रस्त्यावर जाऊन आला.

"घाला."

त्यानं पाय घातला. पाचही बोटं आत गेली आणि आत जाऊन पसरली. सांडू उभा राहिला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि मग थांबेचना. वर्कशॉपभर फिरला, बाहेर गेला, कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. एकेचाळीस वर्षांच्या पायांना पहिल्यांदाच स्वतःचं घर मिळालं होतं, ते सगळ्या खोल्या बघून घेत होते.

पण घरी येईस्तोवर नवाच घोर लागला. धोंडिबानं बूट बघितले आणि तो म्हणाला, "अरं, हे तर शुगरवाल्याचे बूट. माझ्या मेव्हण्याच्या पायात हायेत. शुगरवाल्याला बस देतात का? नानासाहेबानं बघितलं तर संपलं."

रात्र गेली म्हणायचं एवढंच.

सकाळी रूपालीनं दह्यावर जरा सढळ हातानं साखर घालून त्याच्या तळहातावर ठेवली. शुभ कामाला निघताना दही-साखर खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो. सांडूनं तळहात चाटला, वाटीतलं उरलेलं पाची बोटांनी पुसून खाल्लं, संस्कृतीनं "ऑल द बेस्ट, पप्पा" म्हणायच्या आत तो रिक्षात होता.

चिकलठाण्याच्या गेटावर नानासाहेबांनी त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही. थेट पायाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"शुगर किती?"

"चहात दोन चमचे, साहेब."

"रक्तात विचारतोय." नानासाहेबांनी टेबलाचा खण उघडून शुगर तपासायची मशीन काढली. "मला बी हाय. असले बूट मी बी घालतो घरी. बोट इकडं कर."

"साहेब, मला काय नाय. पाय नुसता रुंद हाय."

"सगळे असंच म्हणतात."

सुई टोचली. थेंब पट्टीवर. मशीननं जरा विचार केला आणि आकडा दाखवला. चारशे बारा.

नानासाहेब खुर्चीतून उठले. "चारशे बारा! माणूस हायस का उसाचं टिपरू? अरे, तू गेटापर्यंत चालत आलास कसा? गाडी राहू दे, दवाखान्यात जा आधी!" त्यांनी यादीवरच्या त्याच्या नावावर रेघ मारायला पेन उचललं.

सांडूच्या डोळ्यांपुढं खोली, शाळेचं दप्तर, गावाकडचा रस्ता सगळं एकदम फिरलं. बोटातून रक्त येत होतं. त्यानं ते सवयीनं तोंडात घातलं. आणि तो थबकला.

"साहेब, बोट गोड लागतंय."

"मग काय सांगतोय मी! रक्ताचा पाक झालाय तुझ्या."

"नाय साहेब, थांबा." त्यानं शेजारचं बोट चाटलं. मग त्याच्या शेजारचं. मग अंगठा. "हे बी गोड. ह्याला तर टोचलं बी नाय."

नानासाहेबांचं पेन हवेत राहिलं. "सकाळी काय खाल्लं?"

"दही-साखर. बायकोनं हातावर दिली व्हती."

"हात धुतला?"

सांडूनं हात पाठीमागं नेला.

"येडा का खुळा! जा, नळ तिकडं. साबणानं धू, कोपरापर्यंत धू. आन् पुसून ये."

दुसऱ्या बोटाला दुसरी सुई. मशीननं पुन्हा विचार केला. एकशे नऊ.

नानासाहेब त्या आकड्याकडं जरा हेव्यानंच बघत राहिले. "दही-साखर खाऊन एकशे नऊ," ते पुटपुटले. पेन खिशाला लावलं. "चल. शेंद्र्यापर्यंत ने. मी म्हणंल तिथं वळव. एक धक्का बसला तर तिथंच उतरायचं."

नानासाहेब ड्रायव्हरमागच्या सीटवर बसले. तीस वर्षांत त्यांना दुसऱ्याच्या गाडीत कधी झोप लागली नव्हती, हे अख्ख्या चिकलठाण्याला माहीत. सांडूनं पाय ब्रेकवर ठेवला. ब्रेक कळला. ॲक्सिलरेटर वेगळा कळला. गाडी अशी निघाली, की गेटावरच्या वॉचमनला ती उभी होती ती जागा रिकामी दिसली तेव्हा कळलं.

शेंद्रा आलं. मागून हुकूम नाही. सांडूनं आरशात बघितलं. नानासाहेबांची मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं. आता काय करावं? हाक मारावी तर साहेबाला झोपेतून उठवलं म्हणून नोकरी जायची. सांगितल्याशिवाय वळवावं तर हुकूम मोडला म्हणून जायची. थांबावं तर जाग येऊन धक्का बसला म्हणतील. सांडूनं गाडी चालूच ठेवली. करमाड गेलं. एक बैल आडवा आला; बस इतकी हळूच थांबली, की बैलच दचकला. बदनापूर गेलं. सांडूच्या कपाळावर घाम, पण पाय बुटात निवांत.

एका सिग्नलला नानासाहेबांनी डोळे उघडले. "शेंद्रा आलं का?"

"आलं व्हतं, साहेब. मगाशी."

"मग हे कोणतं?"

"जालना."

नानासाहेबांनी बाहेर बघितलं, घड्याळात बघितलं, मग सांडूच्या मानेकडं बघितलं. "ब्रेक मारला का नाय कुठं?"

"एकोणीस वेळा, साहेब."

नानासाहेब सीटवर सावरून बसले. सिग्नल सुटला.

"उद्या पहाटे पाच वीसची पहिली पाळी," ते म्हणाले. "उशीर नको. आता माघारी घे. आन् ह्या खेपेला मी जागाच हाय, ध्यानात ठेव."

बदनापूर यायच्या आत ते घोरायला लागले होते.