गोजरबाईच्या यकृतातले जनुक

मी एक जुने जनुक आहे. इतके जुने की माणूस नावाचा प्राणी पृथ्वीवर नव्हता तेव्हाही मी माशांत होते, बेडकांत होते. मित्रांनो, तुमच्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीतही माझी एक प्रत आहे. आज तुमच्याशी बोलते आहे ती मात्र पिंपळगाव रेणुकाईच्या गोजरबाईच्या यकृतातली प्रत. जनुकाला कान कुठून आले, आणि बोलता कसे येते, असे तुम्ही विचाराल. आजच्यापुरती मला तेवढी सूट द्या.

शास्त्रज्ञांनी मला तीन अक्षरांचे नाव दिले आहे. ते नाही कळले तरी चालेल. मी म्हणजे एक लिहून ठेवलेली सूचना आहे. पेशी ही सूचना वाचते, वाढू लागते आणि एकीच्या दोन होतात. म्हणून शहाणी पेशी मला गरजेपुरते उघडते आणि लगेच मिटते. यकृत हा अवयव मोठा जिद्दी असतो. त्याचा निम्म्याहून अधिक भाग कापला तरी तो भरून निघतो. अशा वेळी सर्वांत आधी ज्यांना हाक मारली जाते त्यांत मी असते, आणि काम संपले की मिटणे हा त्या कामाचाच भाग असतो.

गोजरबाई नऊ वर्षांची असताना वडिलांच्या मेंढ्यांमागे हिंडत होती. भूक लागली म्हणून तिने रानातल्या कुठल्याशा विषारी बिया खाल्ल्या. आठ दिवस ती घोंगडीवर पडून होती. तिच्या यकृतातल्या पुष्कळ पेशी मेल्या. मला उघडले गेले, नव्या पेशी झाल्या, मला मिटले गेले. नवव्या दिवशी ती पुन्हा मेंढ्यांमागे धावली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला आठवडा होता.

पण तिच्या शरीरात आणखी कोणीतरी राहत होते. यकृताला सूज आणणारा एक विषाणू तिच्या जन्माच्या वेळी आईच्या रक्तातून तिच्यात आला होता. आईला ते ठाऊक नव्हते. जन्मताच टोचायची लस तेव्हा निघालीच नव्हती. विषाणू वर्षानुवर्षे शांत राहिला. गोजरबाई मोठी झाली, तिचे मच्छिंद्राशी लग्न झाले आणि तिला मीना झाली. मीना दोन महिन्यांची असताना विषाणूने पहिल्यांदा उचल खाल्ली. गोजरबाईचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले.

उपकेंद्रातल्या नर्सबाईने सांगितले, “जालन्याला जाऊन रक्त तपासा. लेकराचंही तपासा.” मच्छिंद्र आधी शेजारच्या वस्तीवरच्या तातेरावांकडे गेला. तातेराव काविळीची माळ देत. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या फासांत गुंफून ते माळ करत आणि नारळाशिवाय काही घेत नसत.

“नर्सबाई जालन्याला जा म्हनून राह्यली,” मच्छिंद्र म्हणाला.

“जा की. म्या कुठं न्हाई म्हनलो?” तातेराव म्हणाले. “पर आधी ही घाला. जशी माळ उतरंल तशी कावीळ उतरंल. बेंबीपर्यंत आली का हिरीत टाकून द्या.”

माळ रोज बोटभर लांब होत गेली. शेजारणी बघायला येत. नवव्या दिवशी ती बेंबीला टेकली, आणि त्याच सुमारास डोळेही निवळले. “बराबर उतरली!” मच्छिंद्र म्हणाला. “आता कशाला जालना?”

मित्रांनो, ओल्या काड्या सुकल्या की आकसतात. त्यांच्याभोवतीचे फास सैल होतात आणि माळ लांबते. ती खुंटीला अडकवली तरी तेवढीच लांबते. डोळ्यांचा पिवळेपणा जसा आपोआप आला तसा आपोआप गेला होता. तातेराव लबाड नव्हते, त्यांचाही माळेवर विश्वास होता. पण रक्त तपासायचे राहिले ते राहिलेच.

पुढची वीस वर्षे गोजरबाई कापूस वेचत होती, शेळ्या राखत होती. आत विषाणूमुळे पेशी मरत होत्या, नव्या होत होत्या, जखमांचे वण साचत होते. विषाणूला एक वाईट खोड आहे. तो स्वतःचे तुकडे पेशीतल्या लिखाणात घुसवतो. एके दिवशी असा एक तुकडा एका पेशीत नेमका माझ्या शेजारी येऊन बसला. त्या तुकड्याला सूचना सुरू करणारी कळ होती. ती दाबलेलीच राहिली. मी उघडले गेले आणि मला मिटायला कोणी उरले नाही.

मी एकटीने एवढे नुकसान केले नसते. चुकलेल्या पेशीला थांबवणारे एक जनुक असते. ते त्या पेशीत आधीच मोडले होते. गाठ वाढली तशी तिला रक्त कमी पडू लागले, तेव्हा नव्या रक्तवाहिन्या बोलावणारे जनुक जोरात चालू झाले. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे जनुक गप्प झाले. भोवतालची भिंत विरघळवणारी जनुके जागी झाली. मग गाठीतल्या पेशी सुटून यकृताच्या मोठ्या शिरेत शिरल्या, तिथून यकृताच्या दुसऱ्या भागात आणि काही फुप्फुसात गेल्या. त्या प्रत्येकीत मी होते आणि वाढायला सांगत होते. यकृत आतून दुखत नाही. म्हणून गोजरबाईला काही कळले नाही.

यंदा मीना पहिल्या बाळंतपणासाठी आठव्या महिन्यात शहागडहून माहेरी आली. आईला पाहून ती दारातच थांबली.

“माय, तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊन राह्यल्या.”

“तू जाड झालीस, म्हनून मी बारीक दिसती तुला.”

“आन् पोट?”

“तुझ्यासंगं माझंबी वाढून राह्यलंय,” गोजरबाई हसत म्हणाली. “बघू कोन आधी बाळंत होतंय.”

मीना हसली नाही. तिने तिसऱ्या दिवशी वडिलांना बरोबर घेऊन आईला जालन्याच्या एका दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाचे स्कॅन काढून पाहिले. गाठ शिरेत गेली होती, पोटात पाणी झाले होते. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती.

“घरात कोणाला कधी कावीळ झाली होती?”

“हिलाच झाल्ती,” मच्छिंद्र म्हणाला. “वीस वरसं झाली. माळेनं बिलकुल उतरली.”

डॉक्टरीणबाईंनी हातातले पेन खाली ठेवले. त्या रागावल्या नाहीत. ती माळ कशी लांबते ते त्यांनी समजावून सांगितले आणि मच्छिंद्र आणि मीना दोघांचेही रक्त घ्यायला लावले. मच्छिंद्राच्या रक्तात विषाणू नव्हता. मीनाच्या रक्तात होता.

“म्हंजे म्या दिला हिला?” गोजरबाईने विचारले.

“तुम्हाला तुमच्या आईकडून आला, मावशी. कोणी मुद्दाम देत नाही. मीनाला आपण रोज एक गोळी देऊ, तिच्यावर लक्ष ठेवू. आणि बाळाचं जवळजवळ नक्की टाळता येतं. जन्मल्यावर बारा तासांच्या आत दोन इंजेक्शनं. पण गावाकडं ती दोन्ही मिळतीलच असं नाही. बाळंतपण इथंच व्हायला पाहिजे.”

गोजरबाईला त्यांनी घरी न्यायला सांगितले. तिच्याकडे महिना, फार तर दीड महिना होता. मीनाचे दिवस भरायला सहा आठवडे होते. गोजरबाईला आता गाडीचा हादराही सोसवत नव्हता, त्यामुळे ती परत जालन्याला जाऊ शकणार नव्हती.

“मी माझ्या मायला सोडून जानार न्हाई,” मीना म्हणाली.

“तिला राहू दे,” मच्छिंद्र म्हणाला. “पहिलं बाळंतपन मायजवळ व्हावं. कळा आल्या का जल्दी जीप करू. आन् तातेरावांच्या लेकाकडून माळबी आनतो.”

“आना,” गोजरबाई म्हणाली. “खुट्टीला अडकवा. तिलाच बरं वाटंल.” मग ती मीनाकडे वळली. “तू तुझ्या नंदंकडं जालन्याला जाय. उद्याच. जीप न्हाई मिळाली, रस्त्यात बाळंत झालीस, मंग? मी मरताना तू जवळ असलीस तर मला बरं वाटंल. पर वीस-पंचवीस वरसांनी तुझं लेकरू असं पडलं, तवा कुनाला काय सांगशील?”

दुसऱ्या दिवशी मीना गेली. जीपमध्ये बसताना तिला पोट सांभाळावे लागत होते. गोजरबाई उंबऱ्यावर बसून होती, आणि जीप वळणाआड जाईपर्यंत तिने चेहरा सरळ ठेवला.

त्यानंतरचे पाच आठवडे मी थांबायचा प्रयत्न केला, असे तुम्हाला सांगायला मला फार आवडले असते. पण जनुकाला प्रयत्न करता येत नाही. जिने मला पन्नास वर्षे सांभाळले तिलाच मी संपवत होते, आणि ती संपली की तिच्यातली मीही संपणार होते. हे कळूनही मला माझी कळ सोडवता आली नाही. ते बाहेरच्यांनाच करता आले असते, आणि तेही फार आधी.

मित्रांनो, माझी विनंती आताच करून टाकते, नंतर वेळ मिळेल असे वाटत नाही. घरी जाऊन आईला विचारा, जन्मल्याच्या दिवशी मला काविळीची लस टोचली होती का. घरातल्या मोठ्यांना एकदा रक्त तपासायला सांगा. घरात बाळ येणार असेल तर ते दवाखान्यातच येऊ द्या. ज्यांच्या रक्तात विषाणू सापडेल त्यांना दूर लोटू नका. त्यांच्याबरोबर जेवल्याने काही होत नाही.

काल सकाळी दहाच्या सुमारास मच्छिंद्राचा फोन वाजला. त्याने तो गोजरबाईच्या कानाला धरला.

“माय, झाले मी बाळंत.”

“टोचलं का?” गोजरबाईचा आवाज जेमतेम निघत होता.

“तासाभरात टोचलं. दोन्ही मांड्यांत दोन.”

“लेकरू रडलं का?”

“लई रडलं, माय.”

“रडू दे,” गोजरबाई म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

मुलगा की मुलगी हे विचारायचे राहूनच गेले. मच्छिंद्राने अंगणात जाऊन परत फोन लावला. मुलगी झाली होती. तो आत आला, तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, “पोरगी झाली गं.” तिची पापणी हलली नाही. त्याने पुन्हा सांगितले. तिने ऐकले की नाही हे त्याला कळेना. त्याने तिसऱ्यांदा सांगितले.